गिअरची मोटार आणि घरचे वळण

नवी मोटार दारात उभी राहिली म्हणजे तिला हार घातला जातो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, पेढे वाटले जातात, आणि मुले पुढचे चार दिवस आसनांवरचे प्लॅस्टिक काढू देत नाहीत. या सोहळ्याविषयी आमची काही तक्रार नाही. परंतु त्यानंतर त्या मोटारीबरोबर दहा-पंधरा वर्षे संसार करावयाचा असतो, आणि त्याचा विचार मात्र सोहळ्याच्या गडबडीत राहून जातो. मोटार गिअरची असेल, म्हणजे पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलावयाची असेल, आणि घर एकत्र कुटुंबाचे असेल, तर तो विचार अगोदर झालेला बरा. कारण अशा घरात मोटार एकाची नसते. सकाळी थोरला मुलगा ती कचेरीत नेतो. दुपारी सूनबाई तीच घेऊन मुलांना शाळेतून आणतात. रविवारी धाकट्या बंधूंची स्वारी तीत बसून मंडईत जाते. आणि रात्री-अपरात्री कोणास स्टेशनवरून आणावयाचे असले तर किल्ली पुतण्याच्या हाती पडते. चार माणसे, चार डावे पाय, आणि क्लच एक. कोणी किती झिजवला हे पुढे कोणासही सांगता येत नाही. नवा घालावयाचा झाला की पैसे मात्र घरातूनच जातात.

आमच्याकडे दीड वर्षापूर्वी अशी मोटार आली. पेट्रोलची, पाच गिअरांची, पाच माणसांच्या बेताची. घेण्यापूर्वी जो वाद झाला तो क्लचचाच. थोरल्याचे म्हणणे असे की, पुण्याच्या गर्दीत दर दहा पावलांस क्लच दाबून गुडघा कामातून जातो; तेव्हा आपोआप गिअर बदलणारी मोटार घ्यावी. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे त्या जातीची स्वस्त यंत्रणा आली. तीत गिअरपेटी नेहमीचीच असते, क्लचही असतो. हातापायाचे काम तेवढे यंत्र करते. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना शहराबाहेर जाण्याचा फारसा प्रसंग येत नाही त्यांनी ती खुशाल घ्यावी. आम्ही गिअरची घेतली ती दोन कारणांनी. एक तर ती कमी किमतीत पडली. आणि दुसरे, आमचे कुलदैवत गुहागरचे व्याडेश्वर. वर्षातून दोन वेळा तरी घाट उतरावा लागतो, आणि घाटात कोणता गिअर असावा हे यंत्रावर न सोपविता माणसाने ठरवावे, असे धाकट्या बंधूंचे मत पडले. आपोआप चालणाऱ्या मोटारीतही गिअर हाताने धरून ठेवण्याची सोय असते, हे थोरल्याने त्यांच्या निदर्शनास आणले. परंतु जी सोय रोज हाताखाली नाही ती ऐन वेळी आठवत नाही, हे बंधूंचे उत्तर आम्हांसही पटले. बंधू एके काळी फियाट चालवीत असत; तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावरच असे. त्यामुळे गिअरच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द थोडा वजनदार.

गिअरपेटीची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर याने १८९१ च्या सुमारास सरकत्या दंतचक्रांची पेटी मोटारीत बसविली. तीत गिअर बदलताना दाते दात्यांवर घासून खरखराट होई. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत दोन्ही चक्रांचा वेग आधी जुळवून मग दाते अडकविणारी योजना आली, आणि आज आपल्या हातून गिअर निमूटपणे पडतो तो त्या योजनेच्या पुण्याईने. पुष्कळ मोटारींत रिव्हर्स गिअरला मात्र ही सोय अद्याप नसते. म्हणून मोटार पूर्ण उभी करावी, क्लच दाबून दोन-तीन क्षण थांबावे, आणि मगच रिव्हर्स टाकावा. घाई केल्यास जो 'कर्र' असा आवाज निघतो तो शेजारच्या दोन बिऱ्हाडांस ऐकू जातो.

आता क्लच. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील नावाचे जड चक्र सदैव फिरत असते. गिअरपेटीच्या दांड्यावर एक तबकडी असते. तिला दोन्ही अंगांनी घर्षणाचे अस्तर लावलेले असते. एक मजबूत स्प्रिंग ही तबकडी चक्रावर घट्ट दाबून धरते, म्हणून दोन्ही एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. पायाने क्लच दाबला की स्प्रिंगची पकड सुटते, तबकडी मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. पाय पूर्ण वर असता झीज नाही. पाय पूर्ण खाली असता तबकडीची झीज नाही. झीज होते ती मधल्या अवस्थेत, जिला सर्वत्र 'हाफ क्लच' म्हणतात. त्या वेळी चक्र एका वेगाने फिरते, तबकडी दुसऱ्याने, आणि एक दुसऱ्यावर घासत राहते. सहाणेवर चंदनाचे खोड फिरवावे तसाच हा प्रकार आहे; फरक इतकाच की येथे उगाळले जाणारे खोड आपल्या पैशाचे असते, आणि सुवासाऐवजी जळकट वास येतो. मोटार जागची हलविताना थोडेसे उगाळणे अपरिहार्य आहे. ते एक-दोन सेकंदांत उरकावे, एवढेच कौशल्य.

हे कौशल्य आमच्या घरात सर्वांत अगोदर कोणी साधले असेल तर सूनबाईंनी, आणि तेही निरुपायाने. जुन्या वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली तेव्हा मोटारीसाठी तळघरात जागा मिळाली. तळघरातून रस्त्यावर येणारी चढण अशी की मध्येच कोणी पादचारी आडवा आला तर मोटार अर्ध्या चढावर थांबवावी लागते. अशा ठिकाणी बहुतेक लोक एक पाय अॅक्सिलरेटरवर व दुसरा अर्ध्या क्लचवर ठेवून मोटार जागच्या जागी तोलून धरतात. पाहणारास ते मोठे हस्तलाघव वाटते. वस्तुतः क्लच जाळण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. सूनबाईंस बंधूंनी पहिल्या आठवड्यातच सांगितले, "चढावर मोटार धरायची ती हँडब्रेकने. क्लचने नाही." हँडब्रेक ओढावयाचा, पहिला गिअर टाकावयाचा, क्लच हळूहळू वर आणावयाचा, मोटारीचे नाक किंचित वर उचलले गेले व इंजिनाचा आवाज जड झाला की पकड आली असे समजावयाचे, अॅक्सिलरेटर थोडा देऊन हँडब्रेक सोडावयाचा. पहिल्या दिवशी इंजीन सहा वेळा बंद पडले. मागे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ मोटार घेऊन उभे होते आणि भोंगा वाजवीत होते. तीन आठवड्यांनी त्याच चढावर त्या मोटार अशी काढू लागल्या की आसनावर ठेवलेले ताकाचे भांडे हिंदकळू नये. हल्लीच्या कित्येक मोटारींत चढावर ब्रेक दोन-तीन सेकंद आपोआप धरून ठेवण्याची व्यवस्था असते. ती चांगलीच आहे. पण ज्याला हँडब्रेकची रीत येते त्याला ती असली काय आणि नसली काय.

चालविणाराच्या काही खोडी दिसण्यात निरुपद्रवी असतात. डावा पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवणे ही त्यांतली पहिली. त्या पायाच्या ओझ्याने स्प्रिंगची पकड किंचित सैल होते आणि क्लच मागे ढकलणारे बेअरिंग विनाकारण फिरत राहते. पाय ठेवण्यासाठी क्लचच्या डावीकडे जागा केलेली असते, ती शोभेची नव्हे. दुसरी खोड सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसण्याची. दिवा साठ सेकंदांचा आहे हे समोर आकड्यांत दिसत असता मोटार न्यूट्रलमध्ये घेऊन पाय मोकळा करण्यास काय हरकत? तिसरी, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून ऐटीत चालविण्याची. त्या हाताचा भार पेटीतल्या काट्यांवर पडत राहतो. शिवाय दोन हात स्टिअरिंगसाठीच दिलेले आहेत, असे आमचे जुन्या वळणाचे मत आहे.

नव्या मोटारीच्या पहिल्या हजार किलोमीटरांविषयी पुष्कळ प्रवाद ऐकू येतात. कोणी म्हणतो चाळिसाच्या पुढे नेऊच नये. कोणी म्हणतो नव्या इंजिनांस हे काही लागत नाही. मोटारीबरोबर येणारी पुस्तिका सहसा मधला मार्ग सांगते: एकदम जोर देऊ नये, फार वेळ एकाच वेगाने जाऊ नये, जड ओझे ओढू नये. क्लच आणि ब्रेक यांचे अस्तरही या काळात समोरच्या पृष्ठभागावर नीट बसत असते. आमच्या मते या काळात जपावयाची मुख्य गोष्ट निराळीच आहे, ती म्हणजे इंजीन दबत चालविणे. पेट्रोल वाचावे म्हणून ताशी तीस किलोमीटरवर पाचवा गिअर टाकून अॅक्सिलरेटर दाबणारे कितीतरी लोक आहेत. मोटार थरथरते, इंजीन गुरगुरते, तरी यांना वाटते काटकसर चालली आहे. पहिल्या गिअरात इंजिनाच्या साधारण साडेतीन फेऱ्यांत पेटीबाहेरचा दांडा एकदा फिरतो. पाचव्यात इंजिनाच्या एका फेरीपेक्षा कमीतच. म्हणजे पाचव्यात वेग आहे, पण बळ नाही. अशक्त बैलास चढावर जुंपण्यासारखे ते आहे. इंजिनाने तक्रार केली की एक गिअर खाली यावे. त्यात कमीपणा नाही.

परंतु हे सारे झिजण्याचे व पैशाचे झाले. गिअरच्या मोटारीत जीवाशी गाठ पडते ती उतारावर, आणि हा लेख लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले तेही त्यामुळेच.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही गुहागरास निघालो. मातुःश्री, आम्ही उभयता, धाकटे बंधू आणि त्यांचा मुलगा अशी पाच माणसे, शिवाय सामान. पाटण, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाटाशी आलो तेव्हा मोटार पुतण्याच्या हाती होती. मुलगा हुशार, परवाना दोन वर्षांचा, हात स्वच्छ. घाटाच्या उतारास लागताच त्याने मोटार न्यूट्रलमध्ये घेतली. पेट्रोल वाचते, असे त्याला कोणा मित्राने सांगितले होते. बंधू त्या वेळी डोळे मिटून बसले होते. मोटार आपल्या वजनाने धावू लागली आणि प्रत्येक वळणाशी ब्रेक दाबणे आले. आठ-दहा वळणे गेल्यावर आत जळकट वास येऊ लागला. मग पुतण्या हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, ब्रेक खोल जातोय."

बंधूंनी डोळे उघडले. आवाज मात्र चढविला नाही. "आधी तिसऱ्यात टाक. क्लच सोड, हळू. आता दुसरा." इंजीन एकदम मोठ्याने ओरडले, मोटारीस पाठीमागून कोणी धरल्यासारखे झाले, आणि वेग उतरला. पुढे डोंगराच्या अंगास रुंद जागा होती, तेथे हँडब्रेक थोडा थोडा ओढून मोटार उभी केली. अर्धा तास सर्वजण कठड्यापाशी उभे राहिलो. पाणी ओतून चाके थंड करावी असे सुचविणारा एक प्रवासी भेटला. त्यास बंधूंनी नको म्हटले, कारण तापलेल्या लोखंडावर एकाएकी पाणी पडले तर तबकडी वाकते किंवा तडकते. तेथून पोफळीपर्यंत मोटार दुसऱ्या गिअरात उतरली आणि ब्रेकला पाय क्वचितच लागला. मातुःश्रींचे वय सत्त्याऐंशी. त्यांस 'इंजीन थंड करीत आहोत' एवढेच सांगितले होते.

येथे काय घडले ते समजून घेणे अवश्य आहे. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारे साधन. तीन-चार वेळा दाबला तर उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. मैलोगणती दाबून धरला तर ती साठते. अस्तराची पकड कमी होते, आणि ब्रेकच्या नळ्यांतील द्रव फारच तापला तर उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खोल जातो आणि चाकांशी काही पोहोचत नाही. याउलट मोटार गिअरात असली व अॅक्सिलरेटरवर पाय नसला तर चाके इंजिनास फिरवितात, आणि ते ओझे ओढताना चाकांचा वेग रोखला जातो. गिअर जितका खालचा तितका हा रोध अधिक. ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरा, हा ट्रक चालविणाऱ्या जुन्या लोकांचा दंडक याच तत्त्वावर आहे. यंत्र हा शब्द यम् धातूपासून आला; यम् म्हणजे आवरणे. आम्ही हे वर्गात कित्येक वर्षे सांगितले, परंतु इंजीन मोटार पळविते तसेच तिला आवरतेही, ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिली ती त्या दिवशी.

पेट्रोल वाचते म्हणावे तर तेही खरे नाही. कार्ब्युरेटरच्या काळात त्या समजुतीत थोडासा अंश होता. हल्लीच्या मोटारींत पेट्रोल विद्युत्-नियंत्रित पिचकारीने इंजिनात जाते. मोटार गिअरात उतरत असता अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की ही पिचकारी बंद होते, कारण इंजिनास फिरवावयास चाके समर्थ असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजीन बंद पडू नये म्हणून पेट्रोल देत राहावेच लागते. म्हणजे ज्याने वाचविण्यासाठी न्यूट्रल केले त्याने अधिकच जाळले. आणि कोणी त्यापुढे जाऊन इंजीनच बंद केले तर ब्रेकला साह्य करणारी निर्वात-शक्ती दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली बाहेर काढली तर ते अडकूनही बसू शकते.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार या दोषामुळे कुप्रसिद्ध झालेला आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका अवजड वाहनाने वीसहून अधिक वाहनांस धडक दिली. उतारावर ते न्यूट्रलमध्ये सोडले होते असे तपासात आढळल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. लहान मोटारीचे वजन कमी म्हणून ती सुटली तर आवरता येईल, असे मानणाऱ्यांनी कुंभार्लीची वळणे आठवावी.

गुहागराहून परतल्यावर ब्रेकचा द्रव बदलून घेतला आणि घरात एक नियम झाला: ज्याने बंधूंस शेजारी बसवून एकदा संपूर्ण घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरून दाखविला नाही त्याने घाटात किल्ली मागू नये. पहिली परीक्षा अर्थात् पुतण्याने दिली. थोरल्या मुलास हा नियम अपमानकारक वाटला. तो पंधरा वर्षे मोटार चालवीत आहे. त्याला आम्ही इतकेच म्हटले की, मागच्या आसनावर तुझी आजी बसलेली असते. पुढच्या वेळी तो निमूटपणे बंधूंस शेजारी घेऊन गेला. चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी हा रहदारीचा नियमही त्या दिवशी पुन्हा बोलून झाला. अरुंद घाटात तो मोडणारे फार, आणि चढावर थांबविलेल्या मोटारीस पुन्हा निघताना क्लच उगाळावा लागतो तो याच लोकांपायी.

आता देखभालीविषयी, जी बाब त्या मानाने सोपी आहे. मोटारीची पुस्तिका म्हणजे सूत्रग्रंथ. थोडक्यात सारे सांगितलेले असते आणि वाचीत कोणी नाही. शेजारच्या गॅरेजातील मिस्त्री हा तिचा भाष्यकार. भाष्यकार चांगला असला तरी मूळ वाचल्यावाचून त्याच्याकडे जाऊ नये. बहुतेक कंपन्यांची पहिली तपासणी हजार किलोमीटर अथवा एका महिन्याच्या सुमारास असते. 'फुकट सर्व्हिसिंग' म्हणतात त्यात मजुरी माफ असते; तेल, फिल्टर यांचे पैसे पडतात. हल्लीच्या पेट्रोल मोटारीस इंजिनाचे ऑइल बहुधा दहा हजार किलोमीटरांनी किंवा वर्षाने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलावे लागते. मोटार कमी फिरली म्हणून वर्ष टाळू नये. गिअरपेटीचे ऑइल निराळे असते आणि ते पुष्कळ उशिरा बदलावे लागते. याच कारणाने ते जन्मभर विसरले जाते. ब्रेकचा द्रव हवेतील ओल शोषून घेतो आणि ओल शिरली की तो लवकर उकळतो. दोन वर्षांनी तो बदलावा, आणि आमच्यासारखे घाट उतरणाऱ्यांनी हे काम टाळू नये. टायरांतील हवा मोटार थंड असता पाहावी. किती असावी ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते, आणि पाच माणसे व सामान असता आकडा वेगळा असतो. पुष्कळ नव्या मोटारींची स्टेपनी लहान आकाराची, केवळ गॅरेजपर्यंत जाण्यापुरती असते. तिच्यावर कोकण करू नये.

वॉरंटीच्या कागदांवर डोळे झाकून सही करण्याची चाल आहे. त्या कागदांत 'झिजणाऱ्या वस्तू' असे एक कलम बहुधा असतेच, आणि क्लचची तबकडी, ब्रेकचे अस्तर, वायपरची रबरे ही सारी त्याखाली जातात. म्हणजे मोटार दोन वर्षांची असो वा दोन महिन्यांची, जाळलेला क्लच आपल्याच खर्चाने बदलावयाचा. त्यासाठी गिअरपेटी खाली उतरवावी लागते, म्हणून सामानाबरोबर मजुरीही भरपूर होते.

पेट्रोलविषयी हल्ली घरोघर चर्चा असते. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या मोटारींचे भाग वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास टिकतील असे केलेले असतात. नव्या मोटारवाल्यांनी त्याची धास्ती घेऊ नये. इथेनॉलात लिटरमागे उष्णता कमी असल्याने अंतर थोडे कमी पडते, तेवढे गृहीत धरावे.

पावसाळा मात्र खरा परीक्षक. काचेखालच्या जाळीत झाडांची पाने साचून पाणी जाण्याची भोके बुजतात. ती महिन्यातून एकदा हाताने काढावी. तळघरातील मोटारीच्या वायरी उंदीर कुरतडतात, यावर आमच्या इमारतीत डांबराच्या गोळ्यांपासून तंबाखूपर्यंत सर्व प्रयोग झाले. बॉनेट दर दोन-चार दिवसांनी उघडून पाहणे आणि मोटारीत खाऊचे तुकडे न ठेवणे, यापलीकडे खात्रीचे काही हाती लागले नाही. साचलेल्या पाण्यातून जाणे टाळावे. जाणे भागच पडले तर पहिला गिअर, संथ पण न थांबता. आणि पाण्यात इंजीन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. सिलिंडरात पाणी शिरलेले असल्यास ते दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यास पूर आला तेव्हा पाण्यात सापडलेल्या मोटारी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस अधिक सांगणे नको. पाण्यात इंजीन चालू करून झालेली हानी साध्या विम्यात सहसा बसत नाही; त्यासाठी इंजिनाचे निराळे संरक्षण घ्यावे लागते. विम्याचे नूतनीकरण बहुधा मुलेच फोनवर करतात. त्यांस हे एक कलम वाचावयास सांगावे.

गिअरच्या मोटारीचा एक गुण मात्र आपोआप चालणाऱ्यांस नाही. बॅटरी उतरली तर किल्ली फिरवून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून ठेवावा. चार जणांनी ढकलून वेग आला की क्लच झटकन सोडावा, इंजीन सुरू होते. बॅटरी अगदीच मेलेली असली तर नव्या मोटारींची विद्युत्-यंत्रणा जागी होत नाही आणि हा उपाय चालत नाही. पण नुसती अशक्त असली तर चालतो. एकत्र कुटुंबात ढकलणारांची वाण नसते, हे सांगणे नको. उतारावर मोटार उभी करतानाही गिअरचा आधार घेता येतो: नाक चढाकडे असता पहिला, उताराकडे असता रिव्हर्स, आणि हँडब्रेक दोन्ही वेळी.

पहिल्या महिन्यातच आम्ही मोटारीत एक वही ठेविली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, हवा, आणि काही नवा आवाज वा वास आला असल्यास तो. प्रारंभी 'कोणी चालविली' असाही एक रकाना होता. पण त्यावरून दोन वेळा रुसवे-फुगवे झाले, तेव्हा सौ.च्या सल्ल्याने तो खोडून टाकला. दोष कोणाचा हे न लिहिताही मोटारीस काय हवे ते लिहिता येते असे त्यांचे म्हणणे. नवे आवाज मात्र सर्वजण लिहितात. एकदा आमच्या आठ वर्षांच्या नातवाने 'मागून चूं चूं' असे लिहिले होते. तपासता ते मागच्या ब्रेकमध्ये अडकलेल्या खड्याचे निघाले.

गेल्या महिन्यात मोटार सोळा हजार किलोमीटरांची झाली तेव्हा मिस्त्रीकडून क्लच पाहून घेतला. त्याने हँडब्रेक घट्ट ओढला, चौथा गिअर टाकला, थोडा अॅक्सिलरेटर देऊन क्लच सोडला. इंजीन तत्काळ बंद पडले. क्लच घसरत असता तर ते चालूच राहिले असते. सूनबाईंनी त्या दिवसाच्या ओळीत 'क्लच ठीक' असे लिहिले आणि तिच्याखाली वायपरची रबरे मृगापूर्वी बदलावयाची, अशी नोंद करून ठेवली.